नाझी अधिकाऱ्यांची हकालपट्टी जर्मनीत खरंच जमली होती का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नांदेडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. सध्या बारावीच्या वर्गात महायुद्धानंतरची जर्मनी चालू आहे. मित्रराष्ट्रांनी देशाचे चार भाग करून लष्करी अंमल बसवला, नाझी पक्षाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं, वगैरे नेहमीचं सांगून झालं. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पक्षाचे पंच्याऐंशी लाख सभासद होते म्हणता. एवढे सगळे घरी बसवले तर शाळा कोणी चालवल्या? टपाल कोणी वाटलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांत याबद्दल फारसं हाती लागत नाही.

दुसरं असं, की २००३ मध्ये अमेरिकेनं इराकमध्ये सद्दामच्या बाथ पक्षाच्या लोकांना असंच काढलं आणि त्याचा कसा बट्ट्याबोळ झाला ते आपण बघितलंय. त्यावर सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं : जर्मनीत जमलं, इराकमध्ये फसलं. पण जर्मनीत नेमकं जमलं काय होतं? कोणी या विषयात वाचन केलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मुलांपुढे अर्धवट काही ठेवायचं नाहीये.


जुना वकील

सर, चौकट सांगतो, तपशील इतर मंडळी भरतील.

१९४५ मध्ये हकालपट्टी थेट लष्करी हुकमानं झाली. ५ मार्च १९४६ ला अमेरिकन विभागातल्या जर्मन राज्यांनी स्वतः कायदा केला आणि काम जर्मन न्यायाधिकरणांकडे आलं. अशी ५४५ न्यायाधिकरणं बसली. प्रत्येक प्रौढाला नोंदणीपत्र भरणं सक्तीचं. माणसांचे पाच वर्ग : प्रमुख गुन्हेगार, गुन्हेगार, कमी गुन्हेगार, नुसते अनुयायी आणि निर्दोष. शिक्षा दहा वर्षांच्या श्रमछावणीपासून किरकोळ दंडापर्यंत. वैशिष्ट्य म्हणजे पुराव्याचा भार उलटा होता. अमुक पदावर होतास म्हणजे तू दोषी, नाहीस हे तू दाखव. वकिलीत आयुष्य गेल्यामुळे मला हे टोचतं, पण काळच तसा होता.

आजची जर्मनी बघता प्रयोग यशस्वी झाला असंच म्हणावं लागेल.


मीनल_श्टुटगार्ट

वकीलकाका, चौकट बरोबर आहे. शेवटच्या वाक्याशी मात्र मी मुळीच सहमत नाही. प्रतिसाद लांबणार आहे, पण सरांनी सविस्तर मागितलंय म्हणून लिहितेच.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर श्टुटगार्टजवळ राहते. इथे घराघरांत पणजोबांची जुन्या वळणाच्या अक्षरातली पत्रं पडलेली असतात आणि नातवंडांना त्यातलं एक अक्षर लागत नाही. आपल्याकडे मोडीचं झालं तसंच. मी ते वळण शिकले आणि आता लोकांना कागद वाचून देते. त्या निमित्तानं लुडविग्जबुर्गच्या सरकारी दप्तरखान्यात माझं जाणं-येणं असतं. या भागातल्या न्यायाधिकरणांच्या, इथल्या भाषेत 'श्प्रुखकामर'च्या, फायली तिथेच आहेत.

आधी १९४५ चा उन्हाळा. तेव्हा न्यायाधिकरण वगैरे काही नव्हतं. अमेरिकन लष्करानं सरळ प्रश्नावली वाटली. १३१ प्रश्न. उंची, वजन, धर्म, शिक्षण, कुठकुठल्या संघटनेचे सभासद होता, नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत मत कोणाला दिलंत इथपर्यंत. खोटं लिहिणाऱ्याला शिक्षा. आणि खोटं पकडायची सोयही त्या शरद ऋतूत लष्कराच्या हाती लागली : पक्षाच्या मुख्य कचेरीतली सभासदांची कार्डं. युद्ध संपता संपता ती लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या एका कागद गिरणीत पाठवली होती. गिरणीवाल्यानं त्यांचा लगदा केलाच नाही. बहुतेक सगळा पक्ष त्या कार्डांत होता.

जुलै १९४५ मध्ये नियम आला की १ मे १९३७ च्या आधी जो पक्षात आला त्याला काढायचंच. त्या तारखेनंतर सरकारी नोकरांवर सभासद होण्याचा दबाव वाढला होता, म्हणून रेघ तिथे मारली. नियम समजायला सोपा, राबवायला सोपा. घोळ तिथूनच सुरू झाला. माणूस पक्षात कधी आला ते कार्ड सांगतं, पण त्यानं काय केलं ते सांगत नाही.

बव्हेरियाचा कारभार तेव्हा जनरल पॅटनकडे होता. त्याला ही भानगडच नको होती. नाझी पक्षात असणं म्हणजे आमच्याकडे डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन असण्यासारखंच, अशा अर्थाचं तो सप्टेंबरात पत्रकारांसमोर बोलून बसला. अमेरिकेत गदारोळ झाला आणि आयझेनहॉवरनं त्याला त्या पदावरून हलवलं. त्याच सुमारास आठव्या क्रमांकाचा कायदा आला : पक्षाच्या सभासदाला खासगी धंद्यातसुद्धा साध्या मजुरीपेक्षा वरचं काम द्यायचं नाही. म्हणजे डॉक्टर, दुकानाचा मालक, कारखान्याचा फोरमन, सगळे एकदम त्यात आले. हिवाळा तोंडावर, शहरं पडलेली, कोळसा नाही, आणि कामाची माणसं खडी फोडायला. हे आपल्याला निस्तरणार नाही हे लष्कराला उमगलं आणि मार्च १९४६ ला काकांनी सांगितलेला कायदा होऊन ओझं जर्मन लोकांवर आलं.

आता एक फाइल सांगते. शेजारच्या आजींच्या वडिलांची, त्यांच्यासोबत बसून वाचलेली. त्यांच्या परवानगीनं, नाव-गाव गाळून.

वडील खेड्यात प्राथमिक शिक्षक. पक्षात प्रवेश १ मे १९३७, म्हणजे अगदी रेघेवर. गावात पक्षाची वर्गणी गोळा करायचे. १९४५ मध्ये नोकरी गेली आणि रस्त्याच्या कामावर लागले. फाइलमध्ये वरती दोन पानांचं नोंदणीपत्र, खाली आरोपपत्राचा एकच कागद, आणि मग साक्षीपत्रांचा गठ्ठा. पाद्रीबाबा लिहितात, हे दर रविवारी चर्चला येत राहिले. बेकरीवाला लिहितो, 'हाइल हिटलर' म्हणायचं सोडून हे देवाच्या नावाचा जुना नमस्कार, 'ग्रुस गॉट'च म्हणायचे. एका बाईनं लिहिलंय की पोलंडहून मजुरीला आणलेल्या पोराला यांनी आपल्या घरचा पाव दिला. ते पत्र आजींनी मला दोनदा वाचायला लावलं. अशा पत्रांना लोक कपड्याच्या साबणाच्या पुडीवरून 'पर्सिल-पत्र' म्हणायचे, कारण ती मिळाली की माणूस धुतल्यासारखा पांढरा. गावात प्रत्येक जण दुसऱ्याला असं पत्र देत होता. शिक्षकानं बेकरीवाल्याला दिलं, बेकरीवाल्यानं शिक्षकाला.

त्या गावात ज्यू कुटुंबं होती. त्यांच्यातल्या कोणाचंच पत्र त्या गठ्ठ्यात नाही. लिहायला गावात उरलं कोण होतं? मला या सगळ्या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा दोष हा वाटतो. ज्यांची साक्ष हवी होती ते मेले होते किंवा देशोधडीला लागले होते, आणि साक्ष द्यायला जे हजर होते त्यांना स्वतःलाच सुटायचं होतं.

निकाल : चौथा वर्ग, नुसता अनुयायी. दंड ५०० राइशमार्क. त्या काळी काळ्या बाजारात एक अमेरिकन सिगारेट पाच-सहा राइशमार्कला जायची. हिशेब तुम्हीच करा. गृहस्थ पुन्हा त्याच शाळेत रुजू झाले.

या शिक्षकाला कडक शिक्षा व्हायला हवी होती असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

अमेरिकन विभागात एक कोटी चौतीस लाख नोंदणीपत्रं आली. त्यातली छत्तीस लाखांच्या वर कायद्याच्या कक्षेत येत होती. एवढे खटले चालणार कधी? म्हणून ऑगस्ट १९४६ मध्ये १९१९ नंतर जन्मलेल्यांना माफी, नाताळात गरीब आणि अपंगांना माफी. उरलेल्यांत न्यायाधिकरणांनी किरकोळ प्रकरणं आधी घेतली. कारण निकाल लागल्याशिवाय माणसाला कामावर घेता येत नव्हतं आणि बाहेर शिक्षक, कारकून, इंजिनिअर हवे होते. बडी धेंडं छावण्यांत होती, त्यांची प्रकरणं गुंतागुंतीची, कागद मिळवायला वेळ लागणारी. ती मागे पडली. मग १९४७-४८ आलं, रशियाशी बिनसलं, अमेरिकेला जर्मनी आपल्या बाजूला हवी झाली. ऑक्टोबर १९४७ आणि मार्च १९४८ मध्ये कायदा सैल केला, वरच्या वर्गातल्या आरोपीला सरसकट चौथ्या वर्गात टाकायची मुभा आली, आणि अमेरिकनांनी देखरेखही काढून घेतली. म्हणजे आधी ज्याचा नंबर लागला त्या खेड्यातल्या मास्तरला खडी फोडावी लागली, आणि ज्याचं प्रकरण सगळ्यात वाईट तो शेवटच्या गर्दीत हलक्यात सुटला. शेवटचा हिशेब असा : प्रमुख गुन्हेगार १,६५४. नुसते अनुयायी ४ लाख ८५ हजार.

अमेरिकनांनीच लोकमत चाचण्या घेतल्या होत्या. मार्च १९४६ मध्ये निम्म्याहून जास्त जर्मन या चाळणीवर समाधानी होते. मे १९४९ मध्ये राहिले १७ टक्के. हे सगळे नाझीप्रेमी झाले होते असं नाही. हिटलरला विरोध करून छावणी भोगलेली माणसंसुद्धा चिडली होती, कारण कोण सुटतंय ते त्यांना दिसत होतं.

आणि ज्याला सापडायला हवं होतं तो कसा सुटला, ते बेर्नहार्ड फिशर-श्वेडरकडे बघून कळतं. हा बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल शहराचा पोलीस प्रमुख. जून १९४१ मध्ये रशियावर स्वारी झाली आणि दोनच दिवसांनी, २४ जूनला, सीमेपलीकडच्या गार्गझ्दाई या लिथुआनियन गावात २०१ माणसांना उभं करून गोळ्या घातल्या. गोळ्या घालणारे पोलीस त्याचे होते. युद्धानंतर त्यानं नाव थोडं बदललं, जन्मगावाबद्दल थापा मारल्या आणि चाळणीतून अलगद बाहेर पडला. अंगाला काही लागलं नाही. पुढे उल्म शहरात निर्वासितांच्या छावणीचा व्यवस्थापक झाला. इथून उल्म काही लांब नाही. पन्नाशीच्या दशकात त्याची ओळख बाहेर आली आणि नोकरी गेली, तर हा बाबा नोकरी परत द्या म्हणून सरकारवर दावा लावायला गेला! दाव्याची बातमी वर्तमानपत्रात आली, ती वाचून एकानं त्याला ओळखलं, आणि तिथून तपासाची चक्रं फिरली. १९५८ मध्ये उल्मला खटला उभा राहिला. दहा आरोपी, साडेपाच हजार माणसांच्या खुनात हात. शिक्षा तीन ते पंधरा वर्षं.

त्या खटल्यानं देशाला हादरा बसला की अशी माणसं आपल्या शेजारी राहतायत आणि त्यांना कोणी शोधतच नाहीये. त्याच वर्षी डिसेंबरात लुडविग्जबुर्गला नाझी गुन्ह्यांच्या तपासाचं मध्यवर्ती कार्यालय सुरू झालं. ते अजून आहे. आजच्या जर्मनीचं श्रेय द्यायचंच तर मी ते अशा कामाला देईन, १३१ प्रश्नांच्या कागदाला नाही.


तोक्योकर

मीनलताई, फार छान लिहिलंत. जपानबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथे त्याच वेळी दुसरीच रीत वापरली.

जपानात अमेरिकन सेनापती मॅकआर्थरनं स्वतः कारभार चालवला नाही. जपानी सरकार तसंच ठेवलं आणि त्याला हुकूम दिले. ४ जानेवारी १९४६ च्या हुकमानं युद्धखोरांना सार्वजनिक पदांवरून दूर करायचं ठरलं. एकूण सुमारे २ लाख १० हजार लोक बाहेर काढले, पण त्यातले ऐंशी टक्के लष्करातले होते. लष्कर तसंही मोडलेलंच होतं. नोकरशाहीला जवळपास हातच लागला नाही, कारण सगळा कारभार तिच्याच हातून करून घ्यायचा होता. मंत्रालयांतले कारकून-सचिव त्याच खुर्चीत बसून नव्या राज्यघटनेचे कागद हलवत होते.

राजकारण्यांना मात्र झळ लागली. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत हातोयामा इचिरोंचा पक्ष पहिला आला. पंतप्रधान होणार तेवढ्यात मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांनाच अपात्र ठरवलं. त्यांच्या जागी योशिदा शिगेरू आले आणि पुढे त्यांनी जपानला वळण लावलं. हातोयामा १९५४ मध्ये परत येऊन पंतप्रधान झालेच. आणि किशी नोबुसुके, ज्यांनी युद्धकाळात पंतप्रधान तोजोच्या मंत्रिमंडळात काम केलं, ते सुगामो तुरुंगात तीन वर्षं राहून खटला न चालता सुटले, १९५७ मध्ये पंतप्रधान.

मला वाटतं, जपानात कारभार बंद पडला नाही याची ही किंमत होती. ती योग्य होती की नाही यावर इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना मला अजून एकमत आढळलेलं नाही.


गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मीनलताई, शिक्षकाच्या फाइलचा भाग मी वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

दोन शंका. शाळांचा प्रश्न अजून बाकी आहे : जागा भरल्या कोणी? आणि इराकमध्ये नेमकं काय वेगळं केलं? जर्मनीतच जमलं नव्हतं म्हणता, मग इराकमध्ये इतका भडका का उडाला?


जुना वकील

मीनल, तुझं म्हणणं पटतंय. पण एक सांग, मग करायला काय हवं होतं? सगळ्यांना तसंच खुर्चीवर ठेवायचं? आणि न्यायाधीशांचं काय झालं, ते तू टाळलंस. माझ्या दृष्टीनं प्रश्न तिथे सगळ्यात टोकदार आहे.


मीनल_श्टुटगार्ट

सर, जरूर वाचून दाखवा. आजींना सांगितलं तर बरंच वाटेल त्यांना.

शाळा. अमेरिकन विभागात बव्हेरियात निम्म्याहून जास्त शिक्षक काढले होते. जागा भरल्या निवृत्तांनी, बायकांनी, घाईघाईनं नेमलेल्या शिकाऊ पोरा-पोरींनी. वर्ग तुडुंब, दोन पाळ्यांत शाळा. आणि मग वर लिहिलं तसं जुने मास्तर हळूहळू परत आले. रशियन विभागात परत घ्यायचं नाही हे ठरलेलं होतं. तिथे दर दहा शिक्षकांतले सात पक्षाचे सभासद निघाले. त्यांनी कामगार, शेतकऱ्यांची मुलं, युद्धातून परतलेले तरुण यांना काही आठवड्यांच्या, फार तर काही महिन्यांच्या शिक्षणावर फळ्यासमोर उभं केलं. 'नॉयलेहरर', नवे शिक्षक. १९४९ पर्यंत असे चाळीस हजारांहून जास्त झाले. उद्या मुलांना जे शिकवायचं ते आदल्या रात्री स्वतः शिकायचे. मला त्या तरुणांचं मनापासून कौतुक आहे. काहींनी पुढे जन्मभर उत्तम शिकवलं.

पण रशियन विभागाचं गुणगान करायला मी तयार नाही. त्यांनी बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेन या नाझींच्याच छळछावण्या पुन्हा वापरल्या. अशा दहा छावण्यांत लाखाच्या वर माणसं कोंडली, त्यात खरे गुन्हेगार होते, हाताखालचे किरकोळ कार्यकर्ते होते, पंधरा-सोळा वर्षांची पोरं होती, आणि नव्या राजवटीला नको असलेले लोकशाहीवादीही होते. रशियाच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे जवळपास त्रेचाळीस हजार तिथे मेले, बहुतेक भुकेनं आणि क्षयानं. खटला नाही, घरच्यांना निरोप नाही. याला चाळणी म्हणत नाहीत.

आता इराक. १६ मे २००३ ला अमेरिकेनं नेमलेला प्रशासक पॉल ब्रेमर यानं पहिला हुकूम काढला. बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे कायमचे बाहेर. शिवाय प्रत्येक मंत्रालय, विद्यापीठ, इस्पितळ यांत वरच्या तीन थरांतला कोणीही नुसता सभासद निघाला तरी बाहेर. आठवड्यानं दुसरा हुकूम, सैन्यच बरखास्त. जर्मनीचं उदाहरण डोळ्यापुढे ठेवूनच हे झालं. पण घेतलं काय, तर जर्मनीतला सगळ्यात वाईट भाग, १९४५ चा उन्हाळा : पद बघा, माणूस काढा. सुनावणी नाही, साक्षीपत्र नाही, चौथा वर्ग नाही, दंड भरून परत यायची वाट नाही. इराकमध्ये शाळेत मुख्याध्यापक व्हायचं, विद्यापीठात वर चढायचं तर पक्षाची पायरी लागायचीच. ती पायरी चढलेला मास्तर आणि गुप्त पोलिसांचा अधिकारी एकाच हुकमात गेले. वर हे काम पुढे अहमद चलबी या इराकी राजकारण्याच्या समितीकडे दिलं, म्हणजे ज्यांना स्वतः सत्तेत यायचं होतं त्यांच्या हाती. २०१० च्या निवडणुकीआधी पाचशेहून जास्त उमेदवार याच नावाखाली अपात्र ठरले. एप्रिल २००४ मध्ये ब्रेमरनंच कबूल केलं की अंमलबजावणी चुकली आणि शिक्षकांना परत घ्यायला सुरुवात केली. तोवर वर्ष गेलं होतं, आणि बंदूक चालवता येणारी, पगार बुडालेली लाखो माणसं रस्त्यावर होती. जर्मनीत हरलेले सैनिक युद्धकैदी म्हणून छावण्यांत होते आणि लढायची खुमखुमी कोणाला उरली नव्हती, हाही फरक विसरू नका.

वकीलकाका, तुमचा प्रश्न. मला विचाराल तर उलट्या टोकानं सुरुवात करायला हवी होती. आधी पोलीस, छावण्यांचे अधिकारी, न्यायाधीश, हद्दपारीच्या याद्या करणारे कचेऱ्यांतले साहेब, कार्डं नाही तर सह्या शोधत जायचं. मास्तर, पोस्टमन यांना तात्पुरत्या नेमणुकीवर ठेवून त्यांची प्रकरणं नंतर बघता आली असती. तशी तरतूद कायद्यात होती, तिसऱ्या वर्गातल्या माणसाला दोन-तीन वर्षं परीक्षेवर ठेवत. सह्या शोधायचं म्हणते त्याचं कारण हान्स ग्लोब्के. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणाऱ्या १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांवर यानं सरकारी भाष्य लिहिलं. कोणाला ज्यू धरायचं याची कलमवार फोड करून दिली. पण तो पक्षाचा सभासद नव्हता, त्याचा अर्जच पक्षानं फेटाळला होता. १९५३ ते १९६३ तो चॅन्सेलर आडेनाउअरच्या कार्यालयाचा प्रमुख होता. पश्चिम जर्मनीत त्याच्यापेक्षा वरचा नोकरशहा नव्हता.

न्यायाधीशांचं टाळलं नव्हतं, प्रतिसाद फार लांबला म्हणून थांबले होते. इंग्रजांच्या विभागात न्यायालयं उघडायची तर स्वच्छ न्यायाधीश पुरेनात. तेव्हा १९४५ मध्येच असं ठरलं की एक निष्कलंक माणूस नेमला की त्याच्यासोबत एक पक्षाचा माणूस घेता येईल. लोक त्याला 'पाठकुळी' पद्धत म्हणायचे. थोड्याच काळात तीही अट गळाली. १९५१ मध्ये बॉनच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या, संसदेनं काढलेल्या सरकारी नोकरांना परत घेण्याचा कायदा केला, विरोधात एकही मत पडलं नाही. परिणाम काय झाला ते न्यायमंत्रालयानं स्वतःच करवून घेतलेल्या अभ्यासात आहे, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ पर्यंतच्या काळात मंत्रालयातल्या वरच्या जागांवर बसलेल्या १७० विधिज्ञांपैकी ९० जण नाझी पक्षाचे सभासद होते. खुनाच्या खटल्यांचा कायदा कसा वाचायचा, मुदत कधी संपते, हे ठरवणारी माणसं ती. काका, हे वाचताना तुमच्यासारख्या कायद्याच्या माणसाला किती लागेल याची मला कल्पना आहे. मला तर संताप आला होता.

आणि हिटलरचं ते 'लोकन्यायालय', ज्यानं पाच हजारांवर माणसं फासावर आणि गिलोटिनवर पाठवली. त्याचा एक न्यायाधीश हान्स-योआखिम रेझे. दोनशेहून जास्त मृत्युदंडांवर त्याची सही. १९६७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानं ती रद्द केली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला, कारण त्यानं त्या वेळचा कायदा जाणूनबुजून वाकवला हे सिद्ध करता आलं नाही. सरकारी पक्षानं अपील केलं, पण ते सुनावणीला येण्याआधी १९६९ मध्ये तो मेला. त्या न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशाला पश्चिम जर्मनीत कायम टिकलेली शिक्षा झाली नाही.